उंच रायडरने रेससाठी माउंटन बाइकचं चाक केवढं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे १८८ सेंटिमीटर. वजन दिवाळीच्या आधी ८८ किलो. नंतरचं विचारू नका. पुण्याच्या टेकड्यांवर आणि अधूनमधून हौशी रेसमध्ये बरीच वर्षं माउंटन बाइक चालवतोय. रेसचा सीझन जवळ आला की फोनवर तेच तेच प्रश्न येतात आणि विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच लांब हातापायांचे असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

एका वाक्यात सांगा. उंची सहा फुटांच्या पुढे, क्रॉस-कंट्री (चढ-उताराच्या वाटेवरची फेऱ्यांची) रेस करायची आहे. चाक कुठलं?

२९ इंची.

पण दुकानात जाण्याआधी पुढचं उत्तर तरी वाचा. २९चं चाक असलेली चुकीची सायकल घेऊन बसलेले उंच लोक मी पाहिलेत, आणि त्यातला पहिला मीच.

दुकानदार म्हणतो, "उंच माणसाला मोठं चाक, बुटक्याला लहान." बरोबर आहे ना?

अर्धंच बरोबर आहे, आणि सगळा घोळ त्या अर्ध्यातच होतो.

पहिली २९ घ्यायला गेलो तेव्हा दुकानाच्या मालकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आतल्या पोराला हाक मारली, "साहेबांना ट्वेंटीनाइन टी दाखव." आपल्याकडे चाकाच्या मापापुढे हा 'टी' का लावतात ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. चाक खरंच मोठं होतं, सायकल दिसायलाही दणकट. फ्रेम मात्र साडेसतरा इंची, म्हणजे मीडियम. मोठी फ्रेम मागवावी लागेल, महिना जाईल, असं ऐकल्यावर मी म्हटलं, सीट वर काढली की झालं.

सीट वर काढली. इतकी, की सीटपोस्टवर 'याच्या वर नको' अशी जी रेघ असते ती नळीच्या बाहेर आली. हँडल सीटपेक्षा वीतभर खाली राहिलं. तासाभरात तळहातांना मुंग्या, दोन तासांत मान आखडलेली. तिसऱ्या महिन्यात एका उतारावर मागून कटकट आवाज यायला लागला, म्हणून थांबून पाहिलं तर सीट ट्यूबच्या तोंडाशी केसाएवढी भेग. सीटपोस्ट नळीत जेमतेम दोन बोटं उरलेलं, वर ८८ किलो. भेग पडणारच होती.

आमच्या आजोबांना हे कळत होतं. त्यांच्या काळ्या सायकलचं माप विचारलं तर ते 'चोवीस इंची' असं सांगत, आणि ते माप फ्रेमचं असे. उंच माणूस चोवीस घ्यायचा, बेताचा माणूस बावीस. चाक दोघांनाही अठ्ठावीसचंच. मधल्या काळात आपण चाकावरून सायकल मोजायला शिकलो आणि फ्रेमचं माप विचारायचं विसरलो.

तेव्हा आधी फ्रेम. ती अंगाला बसली की चाकाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, कारण आज लार्ज आणि एक्सएल मापाच्या रेसिंग क्रॉस-कंट्री फ्रेम जवळजवळ सगळ्या २९साठीच बनतात.

२९ इंच म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

टायरसकट अंदाजे व्यास. खरं माप रिमवर टायर जिथे बसतो तिथलं, मिलिमीटरमध्ये: २६ला ५५९, २७.५ला ५८४, २९ला ६२२. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत '५७-६२२' असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा हाच. ट्यूब आणि टायर घेताना तो बघावा, बाकी नावं फसवी आहेत.

किती फसवी, ते बघा. २७.५ हे नाव ऐकून वाटतं की हे चाक २६ आणि २९च्या बरोबर मधलं. प्रत्यक्षात २६पेक्षा ते फक्त २५ मिमी मोठं आणि २९पेक्षा ३८ मिमी लहान. म्हणजे २६च्याच जवळचं. २९चं रिम आणि रोड बाइकचं ७००सी रिम एकाच व्यासाचं. आणि आजोबांच्या त्या अठ्ठावीस इंची चाकाचं रिम ६३५ मिमीचं, आपल्या २९पेक्षाही मोठं! दूधवाला कॅन लटकवून खड्ड्यांतून आरामात जायचा ते उगाच नाही.

सव्वादोन इंची टायर चढवल्यावर २९चा पूर्ण व्यास साधारण ७३६ मिमी होतो, २७.५चा ६९८ आणि २६चा ६७३. खालची गणितं याच आकड्यांवर केली आहेत.

मोठ्या चाकाचा फायदा नेमका किती? जाहिरातीत तर जादूच असते.

जादू वगैरे काही नाही, साधी भूमिती आहे. दहा सेंटिमीटर उंच दगडाला चाक भिडतं तेव्हा २९चं चाक त्याला साधारण सव्वात्रेचाळीस अंशांच्या कोनात भिडतं, २७.५चं साडेचव्वेचाळीसच्या आणि २६चं ४५च्या थोडं वर. कोन जितका कमी, तितकं चाक दगडावर सहज चढतं. खड्ड्याचं बघायचं तर फूटभर रुंदीच्या खड्ड्यात २९चं चाक सुमारे ३२ मिमी खाली जातं, २७.५चं ३४. दोन मिलिमीटरचा फरक. कागदावर हसू येईल असा.

आता टेकडीवर चला. मी जिथे सराव करतो तिथे एका चढावर काळ्या कातळाच्या दोन पायऱ्या आहेत, पहिली टाचेएवढी, दुसरी नडगीच्या मध्यापर्यंत. मधे सायकलभर सपाटी. जुन्या २६वर पहिल्या पायरीला पुढचं चाक 'ठक्क' करून थांबायचं, सगळा वेग तिथेच खलास. मग दुसरीसाठी हँडल उचलायला दम नसायचा आणि पाय टेकायचा. २९वर पहिली पायरी 'धप्प' करून जाते, वेग घटतो पण मरत नाही, आणि त्या उरलेल्या वेगावर दुसरी निघते. फरक त्या उरलेल्या वेगाचा आहे. क्रॉस-कंट्री रेसच्या एका फेरीत असे दगड, मुळं, खाचा शेकड्यांनी येतात, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेग वाचला की शेवटच्या फेरीला पायात काहीतरी शिल्लक राहतं.

मग हा फायदा सगळ्यांनाच आहे. उंच माणसाचं वेगळं काय?

भूमिती सगळ्यांना सारखीच. पण बुटक्या रायडरला मोठ्या चाकाची किंमत मोजावी लागते, ती आपल्याला नाही.

पाच फूट दोन इंचाच्या रायडरला २९ दिली की हँडल छातीला येतं, कारण पुढच्या मोठ्या चाकावर चिमटा, चिमट्यावर हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी), सगळं वर चढतं. ते खाली आणायला उलट्या उताराचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावावा लागतो. तीव्र उतारावर मागे सरकायचं तर बूड टायरला घासतं. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. आपल्या बाबतीत हे सगळं उलटं होतं. आपली सीट एवढी वर असते की हँडलसुद्धा वर हवंच असतं. लहान चाकाच्या सायकलवर त्यासाठी स्टेमखाली स्पेसरची, म्हणजे कड्यांची, चळत लावावी लागते.

दुसरी गोष्ट तोलाची. पॅडल जिथे फिरतात तो बॉटम ब्रॅकेट चाकांच्या आसापासून जितका खाली, तितकं सायकलमध्ये बसल्यासारखं वाटतं. वर असला की सायकलच्या डोक्यावर बसल्यासारखं. जमिनीपासूनची उंची तर दोन्हीकडे जवळपास सारखीच ठेवावी लागते, नाहीतर पॅडल दगडाला आपटतील. मग २९मध्ये आस वर गेल्यामुळे बॉटम ब्रॅकेट आसांच्या बराच खाली राहतो, २७.५मध्ये त्यामानाने कमी. ज्याचं पोट आणि डोकं आधीच जमिनीपासून इतकं लांब, त्याला हे उतारावर लगेच जाणवतं. पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला तर सायकल आपल्याला हँडलवरून पुढे टाकायला आधीइतकी टपलेली नसते.

मोठं चाक पिकअपला जड पडतं म्हणतात.

पडतं, पण किती ते ग्रॅममध्ये मोजू. रिम, टायर आणि सीलंट (टायरमधलं पंक्चर बुजवणारं द्रव) मिळून दोन्ही चाकांच्या बाहेरच्या भागाचं वजन साधारण अडीच किलो धरा. त्याच दर्जाच्या २७.५पेक्षा २९मध्ये यात सव्वाशे-दीडशे ग्रॅमची भर पडते. परिघावरचं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट भरतं, म्हणून ते तीनशे ग्रॅम समजा. तुम्ही आणि सायकल मिळून शंभर किलो असाल तर हा फरक शेकडा ०.३. पाण्याच्या बाटलीतले चार घोट.

मग जड का वाटतं? गिअरमुळे. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर पाच टक्के जड होतो. २७.५वर पुढे ३४ दात्यांचं चक्र असेल तर २९वर ३२चं लावा, पायाला जवळजवळ तोच भार येईल. चक्र बदललं नाही आणि मग चाकाला शिव्या घातल्या, असं फार होतं.

पन्नास किलोच्या रायडरला हे तीनशे ग्रॅम जास्त टोचतील हे मान्य. पण हे पान त्यांच्यासाठी नाही.

मोठमोठ्या रेसमध्ये काय चालतं?

हा इतिहास मला फार आवडतो, म्हणून जरा लांबण लावतो.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी चाकांचं भांडण ऐन भरात होतं. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर, उंची १७३ सेंटिमीटर, २७.५वर स्वार. त्याच वर्षी पीटरमारित्झबर्गला त्याने या मापाच्या चाकांवर वर्ल्ड कप जिंकून दाखवला होता. समोर चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी, सहा फुटांहून उंच, धिप्पाड, २९वर. हॅडली फार्मच्या कोर्सवर शेवटच्या फेरीत दोघं एकमेकांना चिकटून होते आणि अगदी शेवटच्या टप्प्यात कुल्हावी पुढे घुसला. दीड तासाच्या रेसमध्ये एका सेकंदाचं अंतर. सुवर्ण २९ला, रौप्य २७.५ला.

यावरून '२९ जिंकलं' असं म्हणणारे तेव्हा खूप होते. एका सेकंदावरून कुठल्याही चाकाचा निकाल लावता येत नाही, असं माझं मत. त्यापेक्षा पुढचं पाहा. २०१६च्या रिओ ऑलिंपिकला शुर्टरने सुवर्ण घेतलं, कुल्हावी दुसरा आला आणि तेव्हा शुर्टरच्या सायकलला २९ची चाकं होती. पावणेसहा फुटांच्या आतला, लहान चाकावर जगज्जेता ठरलेला माणूस जर मोठ्या चाकाकडे आला, तर आपण सहा फुटांच्या लोकांनी फार डोकं खाजवायचं कारण नाही.

डाउनहिलवाले, म्हणजे नुसत्या उतारावर रेस करणारे, जास्त हट्टी. तिथे २०१७पर्यंत मोठं चाक वर्ल्ड कपला कुणी गांभीर्याने घेत नव्हतं. त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिन्नार २९वर जिंकला. मिन्नारची उंची सव्वासहा फुटांच्या आसपास, आपल्यातला माणूस. सायकलींची मापं त्याला लहान पडत, म्हणून मोठ्या फ्रेमसाठी तो वर्षानुवर्षं मागे लागलेला असायचा.

पुढे २९ आणि मागे २७.५, ते 'मलेट' आपल्याला चालेल का?

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने दोन्ही चाकं एकाच मापाची असण्याची अट २०१९मध्ये काढली आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या लोइक ब्रुनीने स्लोव्हेनियातल्या मारिबोरचा डाउनहिल वर्ल्ड कप असल्या जोडीवर जिंकला. मागचं चाक लहान असलं की तीव्र उतारावर मागे सरकायला जागा मिळते आणि मागची बाजू वळणात पटकन फिरते.

पहिला फायदा आपल्याला नको आहे, आपले पाय लांब आहेत. दुसरा डाउनहिल आणि एंड्युरोत (जिथे फक्त उताराच्या टप्प्यांची वेळ मोजतात) कामाचा आहे, फार घट्ट वळणांचे ट्रॅक असतील तर वापरून बघा. क्रॉस-कंट्रीला आणि मॅरेथॉनला दोन्हीकडे २९च.

फ्रेमचे कुठले आकडे बघायचे? तक्त्यात वीस ओळी असतात.

चार बघा, बाकीच्या सोडून दिल्या तरी चालेल.

रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून पॅडल मारताना गुडघे हँडलला लागणार की नाही ते यावर ठरतं. माझ्या उंचीला क्रॉस-कंट्रीत ४७० ते ४९० मिमी बरं पडतं.

स्टॅक, म्हणजे तेच अंतर उभं. ६२०च्या खाली गेलं की मला स्पेसर रचावे लागतात. लांब पायांच्या माणसाने रीचपेक्षा स्टॅककडे आधी बघावं. धड लांब आणि पाय बेताचे असतील तर उलट.

तिसरा सीट ट्यूबचा कोन आणि चौथा चेनस्टे. हे दोन्ही इतके महत्त्वाचे आहेत, आणि दुकानात त्यांचं नावही कुणी काढत नाही, की त्यांना स्वतंत्र प्रश्न देतो.

चढावर माझं पुढचं चाक सारखं उचलतं. २९ घेऊनही. असं का?

चाकाचा दोष नाही. सीट मागे गेली आहे.

कंपन्या तक्त्यात सीटचा जो ७५ अंशांचा कोन छापतात तो एका ठराविक उंचीवर मोजलेला असतो. नळी प्रत्यक्षात जास्त कललेली असते, समजा ७० अंश. आपण सीट त्या उंचीच्या दहा सेंटिमीटर वर काढली की ती जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर मागेही जाते. तक्त्यात ७५ वाचून घेतलेली सायकल आपल्याला ७४च्या आसपास भरते. मध्यम उंचीच्या माणसाला हे कधी कळतच नाही, कारण त्याची सीट तेवढी वर जातच नाही.

त्यात चेनस्टेची भर. बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या आसापर्यंतचं हे अंतर बरेच जण छोट्या फ्रेमलाही ४३५ ठेवतात आणि एक्सएललाही ४३५. सायकल पुढून वाढवतात, मागून नाही. मग आपलं वजन मागच्या आसाच्या पार वर येतं आणि चढ उभा झाला की पुढचं चाक हवेत डोलायला लागतं. प्रत्येक मापाला वेगळा चेनस्टे देणाऱ्या फ्रेम मिळतात. एक्सएलला ४४० किंवा त्याहून जास्त मिळाला तर घ्या. वळणात सायकल थोडी आळशी वाटेल, पण चढावर सरळ राहील.

आहे त्याच सायकलवर करण्यासारखं: सीट रुळावर पुढे सरकवा, मागे वाक असलेला सीटपोस्ट असेल तर सरळ घाला, आणि चढावर छाती हँडलकडे वाकवून कोपरं खाली पाडा. माझं पुढचं चाक उचलायचं अर्ध्याहून कमी झालं ते एवढ्यानेच, तेही दोनशे रुपयांत. सीटपोस्ट मित्राचा जुना होता.

माप घरच्या घरी कसं घ्यायचं?

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पायांत वीतभर अंतर. जाडसर पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधे, कणा वर करून, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबा. दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायला सांगा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा इनसीम. त्याला ०.८८३ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माझा इनसीम ९१, उत्तर ८०.४. माउंटन बाइकवर मी त्यातून एक सेंटिमीटर कमी करतो, कारण खडबडीत वाटेवर पाय पूर्ण ताणलेला आवडत नाही.

हा आकडा चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या. तिथे टेप लावून सीट तेवढी वर काढायला सांगा. सीटपोस्टवरची रेघ बाहेर आली तर ती फ्रेम तुमची नाही, कितीही डिस्काउंट असो.

क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, १७५ मिमीचा घ्यावा का, पाय लांब आहेत तर?

पूर्वी मीही १७५ वापरायचो. आता १७० वापरतो. पॅडल दगडाला आपटायचं बरंच कमी झालं, आणि वेळ तोच लागतो.

वजन नव्वदच्या पुढे आहे, चाक सारखं आउट होतं. २९ आणखी नाजूक नाही का?

थोडं आहे. स्पोक लांब झाले की चाक आडव्या दाबाला जास्त लवतं. हे ओळखूनच पुढे हब रुंद झाले: मागे १४८ मिमी, पुढे ११० मिमी, ज्याला 'बूस्ट' म्हणतात. हबच्या कडा लांब गेल्या की स्पोकचा तिरपा आधार वाढतो. जड रायडरने २९ घेताना हे आणि थ्रू-अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) असल्याची खात्री करावी.

स्पोक ३२. कमी स्पोकची हलकी चाकं साठ किलोवाल्यांना शोभतात. पुढचा ब्रेक रोटर १८० मिमीचा. आणि नवीन चाक दोन-तीन राइडनंतर एकदा चांगल्या मिस्त्रीकडून ताणून घ्या. कारखान्यातून आलेल्या चाकाचे स्पोक सुरुवातीला थोडे बसतात, ढिले पडतात. तसंच चालवलं की मग आउट काढत बसावं लागतं. आमचा मिस्त्री दोन दोन स्पोक चिमटीत दाबत चाकाभोवती फिरतो आणि कुठला ढिला ते स्टँडला लावायच्या आधीच सांगतो.

स्वस्त सायकलींना मागे जुन्या धाटणीचं स्क्रू होणारं फ्रीव्हील असतं. त्यात आसाचा उजवा भाग आधाराविना लांब राहतो, आणि भारी माणसाखाली तो वाकतो, कधी तुटतोही. चाक बदललं, टायर बदलला, तरी मागून करकर जात नसेल तर आस काढून सपाट फरशीवर लोळवून बघा.

टायर केवढा आणि हवा किती?

रेसला २.२५ ते २.४ इंच. मी मागे २.२५ आणि पुढे २.३५ लावतो, ट्यूबलेस, आणि हवा पुढे २३ पीएसआय, मागे २६. वजनाप्रमाणे एक-दोन इकडेतिकडे करा. मुरमाच्या सुट्या खड्यांवर हवा जास्त भरली की टायर गोट्यांवरून घसरल्यासारखा पळतो. फारच कमी केली तर वळणात रिमवरून सरकतो आणि दगडावर रिम वाजतं. तो आवाज एकदा ऐकला की माणूस पंपाला गेज लावायला शिकतो.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. सह्याद्रीतल्या लाल चिखलातून टायर निभावतो, पण घाटाच्या पूर्वेला काळ्या मातीत शिरलात तर पन्नास मीटरमध्ये चाकाचा लाडू होतो. २९च्या फ्रेममध्ये मागच्या टायरच्या पुढे जागा आधीच कमी. त्यात २.४चा टायर घातला की चाक फिरायचंच थांबतं आणि सायकल खांद्यावर येते. पावसाळी रेसला मागे अरुंद टायर लावा आणि खिशात आइस्क्रीमची काडी ठेवा, चिखल खरवडायला.

जुनी २६ आहे. तिच्यात २९ची चाकं बसतील का?

नाही. चिमट्यातही नाही, मागेही नाही.

आणि २९च्या फ्रेममध्ये २७.५?

डिस्क ब्रेक असतील तर बसतात, पण सायकल सुमारे दोन सेंटिमीटर खाली बसते आणि पॅडल प्रत्येक दगडाशी ओळख करून घेतं. रेससाठी नको.

बजेट कमी आहे. नवी साधी २९ घेऊ की सेकंडहँड चांगली २७.५?

२७.५ जर लार्ज किंवा एक्सएल फ्रेमची, एअर फोर्कची (हवेवर दबणाऱ्या चिमट्याची) आणि थ्रू-अ‍ॅक्सलची असेल, तर डोळे झाकून ती. साध्या २९ला स्प्रिंगचा फोर्क येतो, तो नव्वद किलोखाली अर्धा बसूनच राहतो. मोठ्या चाकाने दिलेला सव्वा अंशाचा फायदा तो पहिल्याच उतारावर खाऊन टाकतो. शिवाय उंच माणसाच्या मापाच्या सेकंडहँड सायकली कमी येतात, पण गिऱ्हाइकंही कमी असतात, म्हणून भाव करायला वाव असतो. मी माझी दुसरी सायकल अशीच घेतली; विकणारा सहा महिने कंटाळला होता.

मुलगा पंधराचा आहे, आताच पाच दहा. अजून वाढेल. काय घेऊ?

चाक २९ निश्चित. फ्रेम आजच्या मापाची घ्या, वर्षाने येणाऱ्या मापाची नको. शाळेच्या गणवेशासारखी 'वाढत्या अंगाची' सायकल दिली की पोरगं ताणून ताणून चालवतं आणि पाठ धरते. दोन वर्षांनी विकून पुढचं माप घ्यायचं, हा हिशेब आधीच धरून ठेवा.

३२ इंची चाकं येतायत म्हणे. थांबू का?

थांबू नका. टायर, फोर्क, फ्रेम सगळंच नवं लागणार आणि पंक्चर झालं तर गावात ट्यूब मिळणार नाही. सहा फूट पाच इंचाच्या माणसाला ती चाकं उद्या खरंच शोभतील असं मला वाटतं. तोवर या सीझनच्या रेस होऊन गेलेल्या असतील.

२९ची सायकल रेसला न्यायची कशी? गाडीत मावत नाही.

हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून दोन्ही चाकं काढली तर एक्सएल फ्रेम तिरकी मावते. आधी मागचं चाक आत, मग फ्रेम, पुढचं चाक सगळ्यात वर. चेनखाली जुनी चादर टाका, नाहीतर घरी येऊन ऐकून घ्यावं लागतं. रेल्वेच्या लगेज डब्यात टाकणार असाल तर डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) काढून फ्रेमला बांधा. आणि चाक काढलं की ब्रेक पॅडच्या मधे पुठ्ठ्याची दुहेरी घडी सरकवायला विसरू नका. वाटेत लिव्हर कुणाच्या हाताने दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि स्टार्टच्या दहा मिनिटं आधी स्क्रूड्रायव्हर मागत हिंडावं लागतं.